राणीछाप

लेगोलँड बंद होतं.
एवढं समजावून सांगण्यात सकाळ गेली,
तरी निमिषला ते पटलेलं नव्हतं.
राणी वारली, तर ठोकळ्यांना कशाची सुट्टी?

म्हणून मग रस्ता.
फेल्टमच्या सुलूताईंच्या घरापासून वीस मिनिटं चालत.
कडेच्या गवतात आम्ही चौघं, एक चादर,
फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं.
आजूबाजूला घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री,
पदकं लावून आलेले एक सरदारजी आजोबा,
आणि बागेतल्या डेलियांची बादली
पायांमध्ये धरून बसलेली एक बाई.

एरवी इथं दर दोन मिनिटांना डोक्यावरून विमान जातं.
निमिष मोजतो. काल एकशे बारापर्यंत पोचला होता.
आज आभाळ पुसून ठेवलेलं.
"विमानं पण गेली का तिच्यासोबत?"

राही आठ वर्षांची. तिला हिशेब लागतो.
"ही आपल्या डब्यातली राणी का?"
डब्यातली म्हणजे
लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवतो त्या राणीछाप रुपयावरची.
सासूबाईंच्या सासूबाईंचा रुपया.
हळदकुंकवाच्या बोटांनी तिचं नाक कधीच झिजवलंय.
नाही गं, म्हटलं, ही तिची खापरपणती.
"ती म्हणजे, आपल्यावर राज्य करायची ती?"
हो.
"आणि आपण तिची पूजा करतो?"
चांदीची करतो, श्रीरंग म्हणाला,
आणि घाईघाईनं थालीपीठ पुढे केलं.

त्याचे आजोबा बेचाळीसला
नऊ महिने विसापूरच्या तुरुंगात होते.
दर दिवाळीला तो रुपया
चिंचेनं घासून लख्ख करायचं काम
त्यांचंच असायचं म्हणे.

"जाळणार की पुरणार?"
शेजारच्या बाईंना मराठी कळत नव्हतं, ते बरं.
पुरणार.
"आबांना जाळलं ना?"
हो.
"मग तेव्हा आपण का नाही गेलो?"

तेवढ्यात माणसं उठली.
खुर्च्या मिटल्याचे आवाज,
पोलिसांच्या मोटरसायकली, मग बराच वेळ काहीच नाही,
मग ती गाडी. काळी, नुसत्या काचांची,
आत निशाणात गुंडाळलेली पेटी, वर फुलं.
सात-आठ सेकंद असतील.
डेलिया उडाले.
एक टपावर पडून घरंगळला, दोन चाकाखाली गेले.
सरदारजींचा हात कपाळाशी, थरथरत.
कुणी काही बोललं नाही,
निमिष सोडून.
"आई, सू."

आबा गेले ते मागच्या वर्षीच्या मेमध्ये, मिरजेला.
आम्ही पुण्यात, पास मिळाला नाही.
दादानं स्मशानाच्या फाटकाबाहेरून फोन उंच धरला होता.
प्लास्टिकचे पोशाख घातलेली चार माणसं,
ज्यांची नावं आम्हाला अजून माहीत नाहीत.
मग नेटवर्क अडकलं,
आणि गाडीचं अर्धं उघडलेलं दार
कितीतरी वेळ माझ्या तळहातावर तसंच राहिलं.
रस्त्यात एकच माणूस उभा होता म्हणे. हवालदार.
तोही दादाला हाकलायला.

मी रडतेय हे मला
शेजारच्या बाईंनी कागदी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.
ती आपल्या सगळ्यांचीच होती, त्या म्हणाल्या.
मी मान हलवली.
त्यांना काय सांगणार, कुठून सुरू करणार.
रुमाल मात्र घेतला. चांगला जाड होता.

निमिषला झुडपामागे नेऊन आणलं.
चादर झटकली.
राहीनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही,
रस्ता मोकळा झाल्यावर
चाकाखालचा एक डेलिया उचलला,
थालीपिठाच्या फॉइलमध्ये गुंडाळला,
आणि माझ्या पर्समध्ये
पासपोर्टांच्या कप्प्यात ठेवला, न विचारता.

परतताना पुलापाशी
पहिलं विमान आलं, खूप खालून.
निमिषनं बापाच्या खांद्यावरून मान वर केली.
"एकशे तेरा," तो म्हणाला.